दम्याचं निदान झालं, आता पुढे काय? नव्याने उपचार सुरू करणाऱ्यांसाठी

‘दमा आहे’ हे शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकले की घरातलं कुणीतरी दोन प्रश्न विचारतंच. हा मुळापासून बरा होईल का? आणि पंप एकदा सुरू केला की त्याची सवय लागते ना? मी सातवीत असताना माझ्या आईनेही हेच विचारलं होतं. आज ओळखीतल्या कुणाच्या मुलाला दमा निघाला की फोनवर मला पुन्हा तेच दोन प्रश्न ऐकू येतात. म्हणून आधी त्यांचीच उत्तरं देते.

दमा बहुतेकांना कायमचा सोडून जात नाही. काही मुलांचा वयात येताना शांत होतो, त्यातल्या काहींचा पुढे परत डोकं वर काढतो. पण तो इतका आटोक्यात राहू शकतो की रात्रभर सलग झोप लागते, शाळा-ऑफिस बुडत नाही, राजगड चढता येतो. आणि पंपाची सवय लागत नाही. त्यात नशेचं काहीच नसतं. पंप बंद केल्यावर त्रास परत येतो, तो आतला आजार तिथेच असतो म्हणून. रक्तदाबाची गोळी सोडली की दाब वाढतो, तसंच हे.

पुढचं सगळं मी रुग्ण म्हणून शिकलेलं आणि डॉक्टरांकडून वेळोवेळी तपासून घेतलेलं आहे. औषध कोणतं आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण दवाखान्यातल्या दहा मिनिटांत बरंच काही सांगायचं राहून जातं, ते इथे आहे.

आधी छातीत काय चाललंय ते समजून घ्या

दम्यात श्वासनलिकांच्या बाबतीत तीन गोष्टी घडतात. आतलं अस्तर सुजतं, त्यावर चिकट कफ साचतो आणि नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. स्नायू आवळले की आपल्याला लगेच कळतं: छाती जड होते, श्वास सोडताना शिट्टी वाजते, वाक्य पुरं करता येत नाही. सूज मात्र गुपचूप असते. त्रास होत नसतो त्या दिवसांतही ती असते, आणि तिच्यामुळेच नळ्या इतक्या हळव्या होतात की जराशा धुराने, थंड वाऱ्याने किंवा साध्या सर्दीने आवळतात.

उपचारातली निम्मी गडबड इथून सुरू होते. बरं वाटायला लागलं म्हणून माणूस औषध सोडतो, आणि सूज आत वाढत राहते. बरं वाटणं आणि बरं असणं यातला हा फरक पहिल्याच महिन्यात समजला, तर पुढची कित्येक वर्षं सोपी जातात. मला तो समजायला कॉलेज संपावं लागलं.

निदान पक्कं करून घ्या

आपल्याकडे अनेक पालकांना ‘ॲलर्जिक ब्राँकायटिस’ किंवा ‘बाळदमा’ एवढंच सांगितलं जातं, कारण दमा हा शब्द ऐकून लोक घाबरतात. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून नाव लपवणारी घरंही मी पाहिली आहेत. नाव लपवलं की उपचारही अर्धवट होतात. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: हा दमा आहे का?

लक्षणांची एक खास चाल असते. त्रास येतो आणि जातो. रात्री किंवा पहाटे वाढतो. धावल्यावर, खळखळून हसल्यावर, सर्दी झाल्यावर छाती भरते. काहींना धाप अजिबात लागत नाही, नुसता कोरडा खोकला आठवडेच्या आठवडे टिकतो. घरात कुणाला दमा, शिंकांचा त्रास किंवा त्वचेची ॲलर्जी असेल तर शक्यता वाढते.

यावर शिक्कामोर्तब करते ती स्पायरोमेट्री. नळीत जोरात आणि शेवटपर्यंत फुंकायचं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते यंत्र मोजतं. मग श्वासनलिका उघडणारं औषध देऊन साधारण १५ मिनिटांनी परत फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदाचा आकडा १२ टक्के आणि २०० मिलिलिटरहून जास्त वाढला, तर ते मोठ्या माणसांत दम्याकडे बोट दाखवतं. त्रास नसताना केलेली चाचणी सामान्यही येऊ शकते, त्यामुळे एका अहवालावरून ‘दमा नाही’ असं ठरवू नका. पाच वर्षांखालच्या मुलांना ही चाचणी नीट जमत नाही. त्यांचं निदान डॉक्टर लक्षणांवरून आणि औषधाला मिळालेल्या प्रतिसादावरून करतात.

छातीचा एक्स-रे दम्यात बहुधा स्वच्छच असतो. तो काढतात ते दुसरा आजार नाही ना हे पाहण्यासाठी. चाळिशीनंतर पहिल्यांदाच धाप लागली असेल, सिगारेट किंवा चुलीच्या धुराची जुनी सोबत असेल, पाय सुजत असतील, तर सीओपीडी (धुरामुळे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) आणि हृदयविकार यांचाही विचार व्हायला हवा. कबुतरांच्या विष्ठेमुळे आणि पिसांमुळे होणारा फुप्फुसाचा आजार तर दम्याहून वेगळा असतो आणि त्याचे उपचारही वेगळे. खिडकीत कबुतरं असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

रक्तातल्या शंभर पदार्थांच्या ॲलर्जी पॅनेलवर हजारो रुपये घालवायची घाई करू नका. अशा चाचणीत एखादा पदार्थ ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे तो खाल्ल्याने दमा होतो असं नसतं. त्या कागदाच्या भरवशावर मुलांचं दूध, अंडी, डाळी बंद केलेली पाहून मला फार वाईट वाटतं.

दोन औषधं, दोन कामं

दम्याच्या औषधांची नावं पन्नास असतील, पण कामं मुख्यतः दोनच. एक औषध आवळलेले स्नायू सैल करतं. ते काही मिनिटांत आराम देतं, पण सुजेला हात लावत नाही. साल्ब्युटामॉल आणि लेव्होसाल्ब्युटामॉल ही या गटातली. दुसरं औषध सूज उतरवतं, ते म्हणजे श्वासावाटे घ्यायचं स्टिरॉइड: बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेटासोन. याचा परिणाम लगेच जाणवत नाही, काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. नेमकं याच कारणाने लोक ते सोडतात आणि पहिल्यालाच घट्ट धरून बसतात.

तुमच्या हातातला पंप कोणता आहे हे आजच पाहा. रंगावर विसंबू नका, कंपनीगणिक रंग बदलतात. डबीवरचे घटक वाचा. नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोनाइड’ असेल तर त्यात सूज उतरवणारं औषध आहे. फक्त ‘साल्ब्युटामॉल’ लिहिलं असेल तर तो नुसता तात्पुरत्या आरामाचा पंप आहे. बऱ्याच पंपांत दोन घटक एकत्र असतात, उदाहरणार्थ बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल, किंवा फ्लुटिकासोन आणि साल्मेटेरॉल. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत काम सुरू करतं. साल्मेटेरॉलला वेळ लागतो, म्हणून ते असलेला पंप झटक्याच्या वेळी कामाचा नाही. डबीवर पेनाने मराठीत लिहून ठेवा: ‘रोजचा’ किंवा ‘झटक्याचा’. घरातली आजी किंवा शाळेतल्या बाई रात्रीअपरात्री, घाईत चुकीचा पंप देणार नाहीत.

आता काय बदललंय

पन्नासएक वर्षं सौम्य दम्याला ‘लागेल तेव्हा साल्ब्युटामॉल’ हाच उपाय दिला जायचा. दम्याविषयी जगभरातल्या डॉक्टरांना मार्गदर्शन करणारी ‘जिना’, म्हणजे ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा, ही संस्था १९९३ पासून काम करते. तिने २०१९ मध्ये हे धोरण बदललं. मोठ्या माणसांना आणि १२ वर्षांवरच्या मुलांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नये, दमा सौम्य असला तरी सूज उतरवणारं औषध कोणत्या ना कोणत्या रूपात मिळालंच पाहिजे, असं तिने सांगितलं. कारण ‘सौम्य’ दमा असलेल्यांनाही जिवावरचे झटके येतात, आणि नुसत्या आरामाच्या पंपाने ते टळत नाहीत.

त्यातून आलेली पद्धत अशी: सौम्य दमा असेल तर त्रास झाला की बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप घ्यायचा. आरामही मिळतो आणि प्रत्येक पफबरोबर सुजेवरचं औषधही आत जातं. दमा थोडा जास्त असेल तर हाच पंप रोज सकाळ-संध्याकाळ आणि त्रास झाला तर वरून एखादा पफ, म्हणजे सगळ्याला मिळून एकच पंप. दिवसातल्या एकूण पफना मर्यादा असते. मोठ्यांसाठी ती साधारण १२ पफ धरतात, पण तुमच्या पंपाची ताकद पाहून तुमचा आकडा डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी नियम वेगळे आहेत, त्याहून लहानांसाठी आणखी वेगळे.

ही पद्धत मला मनापासून पटते, कारण ती माणसाचा स्वभाव ओळखून आखलेली आहे. आपण रोजचं औषध विसरतो, पण त्रास झाला की पंप हमखास उचलतो. मग उचलतो त्याच पंपात सुजेवरचं औषध का असू नये?

तुमच्याकडे वेगळा साल्ब्युटामॉलचा पंप असेल तर एक हिशोब ठेवा. एका पंपात बहुधा २०० पफ असतात. वर्षाला तीन किंवा त्याहून जास्त पंप संपत असतील, तर गंभीर झटक्याचा धोका वाढलेला असतो. महिन्याला एक संपत असेल तर जिवाला धोका आहे. औषधाच्या दुकानात तो सहज मिळतो, त्यामुळे कितवा पंप चाललाय हे कुणीच मोजत नाही. कॅलेंडरवर खूण करा.

स्टिरॉइड या शब्दाची भीती

भीती अगदी निराधार नाही. पोटात घेतलेली स्टिरॉइडची गोळी वर्षानुवर्षं चालली तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, चेहरा सुजतो. पण पंपाच्या बाबतीत मात्रा पाहा. मोठ्या झटक्यात देतात तो प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळीचा ४० मिलिग्रॅमचा डोस म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. बुडेसोनाइडचा एक पफ साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅमचा, आणि तोही थेट नळीत जाणारा. म्हणून पंप म्हणजे जास्त कडक औषध, हा समज उलटा आहे. गोळीपेक्षा पंप सौम्य.

पंपाचे त्रास असतात ते मुख्यतः तोंडाचे: आवाज बसणं, जिभेवर पांढरा थर येणं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं प्लास्टिकचं पोकळ नळकांडं, वापरला आणि पफनंतर चूळ भरून पाणी थुंकलं की ते बरेच टळतात. मुलांची उंची सुरुवातीच्या काळात थोडी कमी वाढते आणि मोठेपणी फरक राहिला तर तो सुमारे एखाद्या सेंटीमीटरचा असतो. दुसरीकडे, आटोक्यात नसलेला दमा मुलाची वाढ, झोप आणि खेळ तिन्ही खातो. मी आई म्हणून एक सेंटीमीटर देईन.

पंप घ्यायचा कसा

इथे मी थांबून सांगणार आहे, कारण उपचार फसतात ते सर्वांत जास्त याच ठिकाणी. मी स्वतः कित्येक वर्षं पंप चुकीचा घेत होते. दाबायचे आधी, श्वास घ्यायचे नंतर. औषध जिभेवर आणि घशात, छातीत जवळजवळ काहीच नाही. एका नर्सने समोर बसवून घ्यायला लावला तेव्हा ते लक्षात आलं. औषध बदललं नाही, मात्रा बदलली नाही, आणि तरी पंधरा दिवसांत रात्रीचा खोकला थांबला.

फवाऱ्याचा पंप आधी नीट हलवा. नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर दोन-चार फवारे हवेत सोडा. ताठ बसा किंवा उभे राहा. श्वास सावकाश पूर्ण बाहेर सोडा. तोंडाचा भाग दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा. आता हळूहळू श्वास आत घ्यायला सुरुवात करा, सुरुवात करतानाच एकदाच दाबा, आणि श्वास तसाच संथपणे छाती भरेपर्यंत घेत राहा. मग दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवा. दुसरा पफ लागणार असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा आणि सगळं पहिल्यापासून करा.

हे जुळवणं भल्याभल्यांना जमत नाही. त्यासाठी स्पेसर असतो, आणि माझं मत विचाराल तर फवाऱ्याचा पंप वापरणाऱ्या प्रत्येकाने तो घ्यावा, मोठ्यांनीसुद्धा. पफ स्पेसरमध्ये सोडायचा आणि लगेच एक संथ खोल श्वास घ्यायचा. लहान मूल असेल तर मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवून त्याला पाच-सहा वेळा नेहमीसारखा श्वास घेऊ द्या. मूल रडत असताना औषध आत जात नाही, आधी मांडीवर घेऊन शांत करा. एका वेळी एकच पफ. दोन-तीन एकदम सोडले तर औषध भिंतींना चिकटून वाया जातं. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच हवेवर वाळू द्या. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध तिथेच अडकतं.

कॅप्सूलची पावडर असलेल्या यंत्राचं तंत्र नेमकं उलटं आहे. तिथे श्वास जोरात आणि खोल ओढायचा असतो, कारण पावडर उडवायचं काम तुमचा श्वासच करतो. यंत्रात फुंकायचं नाही, ओलाव्याने पावडर धरून बसते. घेऊन झाल्यावर आत पाहा, पावडर उरली असेल तर परत ओढा. कॅप्सूल गिळायची नाही. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण गिळणारे भेटतात. मोठ्या झटक्यात जोरात श्वास ओढता येत नाही, म्हणून पावडरवाल्यांनीही झटक्यासाठी फवारा आणि स्पेसर घरात ठेवलेला बरा.

पंप संपला हे कसं ओळखायचं? आकडा दाखवणारी खिडकी असेल तर उत्तम. नसेल तर सुरू केल्याची तारीख डबीवर लिहा आणि रोजच्या पफनी भागा. हलवून पाहणं किंवा पाण्यात तरंगतो का पाहणं भरवशाचं नाही. औषध संपल्यावरही नुसता वायू फुसफुसत राहतो.

वाफेच्या मशीनविषयी, म्हणजे नेब्युलायझरविषयी, एवढंच: ते जास्त ताकदीचं नाही. नीट घेतलेला फवारा आणि स्पेसर बहुतेक झटक्यांत तेवढंच काम करतात आणि पिशवीत मावतात.

घर, गल्ली आणि ऋतू

आपल्याकडे दमा चिघळवणाऱ्या गोष्टींची यादी पुस्तकातल्यापेक्षा वेगळी निघते. पाऊस सुरू झाला की कोकणात, मुंबईत भिंतींना ओल येते, कपाटाच्या मागे बुरशी धरते. गळती पावसाआधी बुजवा, ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं गाजर गवत आता गावोगाव आहे. ते उपटायचं काम दमेकऱ्याने करू नये. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला भाजतात, तेव्हा माझी आई मला शेजारच्या वाड्यात पाठवायची. हा साधा उपाय आजही चालतो. सकाळी तव्यावर मशेरी भाजली जाते, तिच्या धुरात शेजारी खेळणारं मूलही श्वास घेतं. चूल असेल तर गॅसवर येणं हाच मोठा उपचार.

डासांची कॉइल बंद खोलीत लावू नका. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. त्यापेक्षा मच्छरदाणी बरी. उदबत्ती, धूप यांबद्दल घरात बोलणं अवघड जातं, हे मला माहीत आहे. आमच्याकडे देवापुढे आता तेलाची वात असते आणि फुलं असतात. फटाक्यांत पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने केलेल्या मोजणीत सर्वांत जास्त कण नागगोळीतून निघाले. आपण ती ‘लहान मुलांसाठी सुरक्षित’ म्हणून देतो, आणि मूल तिच्यावर वाकून बसतं. दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना भेटून रोजचं औषध नीट चालू आहे ना ते पाहून घ्या.

गादीतल्या धुळीच्या किड्यांसाठी चादरी, अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवा, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, झुरळं घालवा. निव्वळ महागडं गादी-कव्हर घेतल्याने दमा सुधारतो असा भक्कम पुरावा नाही, त्यासाठी कर्ज काढू नका. बेकरीतलं पीठ, स्प्रे पेंटिंग, लाकडाचा भुसा यांत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी: सुटीत गावाला गेल्यावर त्रास कमी होतो का? होत असेल तर डॉक्टरांना सांगा.

औषधांतही लपलेले चोर असतात. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनी काहींना जोरदार झटका येतो. प्रोप्रॅनोलॉलची गोळी, आणि काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे डोळ्यांचे थेंबसुद्धा श्वासनलिका आवळू शकतात. कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी ‘मला दमा आहे’ हे पहिलं वाक्य.

केळी, दही, भात, पेरू यांवर सरसकट बंदीला आधार नाही. एखाद्या पदार्थाने तुम्हाला दर वेळी त्रास होतो असं दिसलं तर तो टाळा, बाकी जेवा.

कागदावरची योजना

डॉक्टरांकडून एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: रोज काय घ्यायचं, त्रास वाढायला लागला तर काय वाढवायचं, आणि दवाखाना कधी गाठायचा. तो फ्रिजवर चिकटवा, फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

पीक फ्लो मीटर नावाचं छोटं नळकांडं मिळतं. दोन आठवडे तब्येत चांगली असताना सकाळ-संध्याकाळ फुंकून तुमचा सर्वोत्तम आकडा काढा. त्याच्या ८० टक्क्यांवर असाल तर ठीक, ५० ते ८० च्या मध्ये असाल तर योजनेतली दुसरी ओळ, ५० च्या खाली तर थेट दवाखाना. ज्यांना आपला त्रास उशिरा जाणवतो त्यांच्यासाठी हे फार मोलाचं आहे. झटका येण्याआधी एक-दोन दिवस आकडा घसरू लागतो.

मीटर नसेल तर दर महिन्याला स्वतःला चार प्रश्न विचारा. गेल्या चार आठवड्यांत दिवसाचा त्रास आठवड्यातून दोनदांहून जास्त झाला का? रात्री दम्याने जाग आली का? झटक्याचा पंप आठवड्यातून दोनदांहून जास्त लागला का? दम्यामुळे काही करायचं टाळलं का? एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं तर दमा पूर्ण आटोक्यात नाही. तीन-चार ‘हो’ आले तर भेटीची तारीख अलीकडे ओढा.

झटका आला तर

माणसाला ताठ बसवा, थोडं पुढे झुकवून. आडवं करू नका. भोवतीची गर्दी हटवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा. तुमच्या योजनेत लिहिलेला झटक्याचा पंप द्या. साल्ब्युटामॉल असेल तर स्पेसरमधून एकेक करून चार पफ, सावकाश. आराम पडला नाही तर वीस मिनिटांनी पुन्हा.

पण पुढचं काहीही दिसलं तर वीस मिनिटं थांबू नका: दोन-चार शब्दांच्या पुढे बोलता येत नाही, मानेचे स्नायू ताणले जातात, मुलाच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, गुंगी येते. आणि सर्वांत फसवं लक्षण म्हणजे शिट्टी अचानक थांबते पण माणूस धापाच टाकत असतो. ही सुधारणा नव्हे, हवा जायचीच बंद होत आलेली असते. १०८ ला फोन करा. हा क्रमांक महाराष्ट्रात आणि गोव्यातही चालतो. रुग्णालयात पोहोचेपर्यंत पफ देत राहा. गरम पाण्याची वाफ, छातीला बाम, लिंबू-मध यांत वेळ घालवू नका.

झटका ओसरल्यावर पाच-सात दिवसांच्या स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर पूर्ण करा, आणि दोन-तीन दिवसांत परत दाखवा. वर्षात दोनदा अशा गोळ्या लागल्या, तर रोजचा उपचार अपुरा पडतोय असं समजा.

मासा, पुडी आणि प्राणायाम

मृग लागला की हैदराबादला जिवंत माशातून औषध घ्यायला आपल्याकडूनही माणसं जातात. जाणाऱ्यांची तळमळ मी समजू शकते. पण त्याने दमा बरा होतो याचा पुरावा नाही, आणि तिथून आल्यावर पंप बंद करणं जीवघेणं ठरू शकतं. त्याहून मोठी भीती मला नाव नसलेल्या पुड्यांची वाटते. दोन दिवसांत ‘चमत्कार’ करणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याची प्रकरणं आहेत. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर अचानक थांबवणंही धोक्याचं. डॉक्टरांना न लाजता दाखवा.

प्राणायामाने, श्वासाच्या सावकाश व्यायामांनी अनेकांना बरं वाटतं. जरूर करा, पण औषधाबरोबर. झटका चालू असताना कपालभाती नको.

उपचार पुरे पडत नसतील तर

डॉक्टर मात्रा वाढवण्याआधी पंप घ्यायची पद्धत, रोज घेतला जातो का, घरातला धूर, वजन, सायनस, ॲसिडिटी हे सगळं पाहतील, पाहायलाच हवं. त्यानंतर मात्रा वाढवणं, टायोट्रोपियमसारखं तिसरं औषध जोडणं असे टप्पे येतात. माँटेलुकास्टची गोळी मुलांना सर्रास दिली जाते. तिने काहींना भयानक स्वप्नं, चिडचिड, उदासी येते, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्याबद्दल कडक इशारा दिला. मूल अचानक वेगळं वागायला लागलं तर हे लक्षात ठेवा.

एवढं करूनही झटके थांबत नसतील अशा थोड्या रुग्णांसाठी आता बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत. सुजेच्या साखळीतली एखादीच कडी ती तोडतात. २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं ओमालिझुमॅब हे त्यांतलं पहिलं, २०१५ मध्ये मेपोलिझुमॅब आलं. दोन्ही भारतात मिळतात, दोन ते चार आठवड्यांनी घ्यावी लागतात, आणि महाग आहेत. कोणाला कोणतं लागू पडेल हे रक्तातल्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी आणि आयजीई हे ॲलर्जीशी जोडलेलं प्रथिन यांवरून ठरतं. ज्यांना वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्यांवर राहावं लागलं त्यांच्यातल्या अनेकांच्या गोळ्या यामुळे सुटल्या आहेत.

उलट दिशेनेही जाता येतं. तीन महिने दमा पूर्ण आटोक्यात असेल तर डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करतात. हे स्वतः करू नका, आणि परीक्षा, प्रवास, दिवाळी किंवा सर्दीच्या दिवसांत तर नकोच. गरोदरपणातही पंप चालू ठेवायचा असतो. बाळाला धोका औषधापेक्षा आईच्या अपुऱ्या प्राणवायूचा जास्त. फ्लूची लस दरवर्षी घ्या. खर्च जड जात असेल तर जनऔषधी केंद्रात विचारा, आणि सरकारी रुग्णालयातही चौकशी करा. यातली मुख्य औषधं देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

पुढच्या भेटीला जाताना फाइलबरोबर पंप आणि स्पेसर पिशवीत टाका. आत गेल्यावर डॉक्टरांना म्हणा, ‘मी एक पफ घेऊन दाखवते, कुठे चुकतंय ते सांगा.’ दर भेटीत म्हणा.